पाऊलखुणा : सहा सिंहांचं राज्य



वाघाच्या ठशांवरचा लेख तुम्हाला आवडला, हे पत्रांच्या गठ्ठ्यावरून कळलं. बहुतेकांची मागणी एकच, "आता सिंह!" आठवीतल्या एका मित्रानं मात्र जरा रागावूनच लिहिलंय. त्यानं टीव्हीवर पाहिलं, की बाहेरून नवे नर सिंह येतात, कळपातले छावे मारून टाकतात आणि जीपमधली माणसं फोटो काढत बसतात. 'एवढ्या मोठ्या माणसांपैकी एकालाही त्या पिल्लांना वाचवावंसं वाटू नये?' असा त्याचा सवाल आहे.

मला हे पत्र फार आवडलं. उत्तर एका ओळीत देता आलं असतं, पण ते तुम्हाला पटलं नसतं. तेव्हा आज आपण, ज्यांना हे सगळं रोज डोळ्यांनी पाहावं लागतं, त्यांच्याबरोबर एक सकाळ काढू. ही माणसं म्हणजे ट्रॅकर, जंगलात माग काढणारी. जायचंय दक्षिण आफ्रिकेत, साबी सँडला.

आधी नकाशा उघडा. दक्षिण आफ्रिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, मोझांबिकच्या सीमेला लागून एक उभं, लांबट जंगल दिसेल. ते क्रूगर राष्ट्रीय उद्यान. आपल्या अख्ख्या पुणे जिल्ह्यापेक्षा मोठं! त्याच्या पश्चिमेला चिकटून साबी सँड नावाचं खाजगी अभयारण्य आहे. साबी आणि सँड या दोन नद्यांवरून ते नाव पडलं. क्षेत्र सुमारे साडेसहाशे चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईहून किंचित मोठं. पूर्वी क्रूगर आणि साबी सँड यांच्यामध्ये तारेचं कुंपण होतं. १९९३ साली ते काढून टाकलं आणि जनावरांना वाट मोकळी झाली. हे काढलेलं कुंपण लक्षात ठेवा. आपल्या गोष्टीतले पाहुणे अशाच मोकळ्या वाटांनी येणार आहेत.

आता समजा, जूनचा महिना आहे. आपल्याकडे जून म्हणजे छत्र्या, रेनकोट आणि नव्या वह्यांचा वास. तिथे मात्र तेव्हा हिवाळा असतो. गवत वाळून पिवळं झालेलं, नदीचं पात्र बरंचसं कोरडं आणि पहाटे दात वाजतील अशी थंडी. उघड्या लँडरोव्हरच्या बॉनेटपुढे, डाव्या कोपऱ्याला एक छोटी खुर्ची बसवलेली असते. ती ट्रॅकरची जागा. आज तिथे तुम्ही बसलाय. मागे स्टिअरिंगवर गाइड आहे, त्याच्यापाशी बंदूक आहे, पण ती वापरायची वेळ येऊ नये हेच त्याचं आणि तुमचं काम.

तुमची नजर कुठे हवी? लांब झाडीत नाही. समोरच्या मातीच्या रस्त्यावर. कारण रस्ता म्हणजे जंगलाचं वर्तमानपत्र. सिंह मोठे आळशी, काट्याकुट्यांतून जाण्यापेक्षा त्यांनाही रस्त्यानं चालायला आवडतं. मऊ मातीत पाय दुखत नाहीत. आणि नर सिंह तर रात्रीत पंधरा-वीस किलोमीटर सहज चालतो, आपली हद्द तपासत.

थांबा! हा पाहा ठसा. चार बोटं, मागे मोठी गादी. नखं उमटलेली नाहीत, म्हणजे तरस नव्हे आणि चित्ताही नव्हे. चित्त्याची नखं पुरती आत जात नाहीत, ती मातीत दिसतात. गादीच्या मागच्या कडेला तीन फुगवटे आहेत. मांजराच्या सगळ्या घराण्याची ही सही. आता कंपासपेटीतली पट्टी काढा. तेरा सेंटिमीटर लांब! बिबट्याचा ठसा एवढा होणं शक्यच नाही. सिंहीणही नाही, तिचा जरा लहान आणि निमुळता असतो. हा नर. पुढचा पाय मोठा, मागचा थोडा लहान, कारण पुढच्या पायांवर डोक्याचं, मानेचं आणि आयाळीचं वजन असतं.

पण ठसा कुणाचा, यापेक्षा तो कधीचा, हा खरा प्रश्न. रात्रीच्या किड्यांची बारीक रेघ ठशावरून गेली असेल, तर सिंह किड्याच्या आधी गेला, म्हणजे बऱ्याच वेळापूर्वी. दवाचे थेंब पडून ठशात बारीक खळगे झाले असतील, तरीही तेच. पण ठशाची कड सुरीनं कापल्यासारखी धारदार असेल, आणि दवानं भिजलेली माती ठशाखाली दबून उलटली असेल, तर मग सावकाश. तो आत्ताच गेलाय.

ही विद्या घरबसल्या शिकता येते बरं का. रात्री झोपताना मागच्या दारी किंवा गच्चीवर बारीक वाळूचा नाहीतर रांगोळीचा पातळ थर चाळणीनं पसरा. आईला आधी विचारा, नाहीतर रांगोळी संपली म्हणून माझ्या नावानं ओरडा व्हायचा! मध्ये दुधाची बशी ठेवा. सकाळी मांजराचे ठसे मिळतील. मग गल्लीतल्या कुत्र्याचे ठसे शोधा आणि दोन्ही शेजारी शेजारी काढा. कुत्र्याची नखं उमटतात, मांजराची नाहीत. मांजराचा ठसा गोल, कुत्र्याचा लांबट. एकदा हे डोळ्यात बसलं, की सिंहाचा ठसा म्हणजे त्याच मांजराचा, नुसता भिंगातून पाहिलेला.

चला, पुन्हा लँडरोव्हरवर. ठसे रस्ता सोडून गवतात शिरले. आता काय? ट्रॅकर आणि गाइड उतरून पायी निघतात. इथे एक नियम शाळेतल्या प्रार्थनेसारखा पाठ असावा लागतो, तो म्हणजे पळायचं नाही. काहीही झालं तरी पळायचं नाही. सिंह अंगावर धावून आला तरी जागच्या जागी उभं राहायचं. बहुतेक वेळा ती नुसती धमकी असते. पळालात, की तुम्ही त्याच्या दृष्टीनं हरीण झालात!

गवतात ठसे दिसत नाहीत, तेव्हा कान कामाला येतात. कुडू नावाचं मोठं, वळणदार शिंगांचं हरीण सिंह दिसला की कुत्र्यासारखं भुंकतं. इम्पाला फुरफुरतात. गिनी फाउल कोंबड्या कलकलाट करतात. जिराफ ओरडत नाही, पण चारपाच जिराफ एकाच दिशेला टक लावून उभे असले, तर तिकडे काहीतरी आहे हे नक्की. गिधाडं झाडावर बसून राहिली आणि खाली उतरत नाहीत, याचा अर्थ शिकारीचा मालक अजून जेवतोय. चांगला ट्रॅकर या सगळ्यांची बेरीज करतो. गणितात कच्चा असला तरी ही बेरीज त्याची चुकत नाही.

साबी सँडमधले बरेच ट्रॅकर शांगान समाजातले आहेत. तिथे वायरलेसवरही सिंहाला त्यांच्याच भाषेतला शब्द वापरतात, 'न्गाला'. त्यांच्या आजोबा-पणजोबांची ही विद्या पोटासाठी शिकलेली होती. गुरं राखायची, शिकार करायची, तर माग काढता यायलाच हवा. आता मुलं शहरात जातात, मोबाइल हातात असतो, ठसे कोण वाचणार? ही विद्या बुडू नये म्हणून २०१० साली तिथे ट्रॅकर अकादमी सुरू झाली. रेनिअस म्लोंगो या नामांकित ट्रॅकरचा तिच्यात मोठा वाटा आहे. माग काढण्याचीही परीक्षा असते आणि तिच्यात नापासही करतात! म्हणजे आपल्या आजीला दळण, पापड, औषधाची पाळंमुळं सगळं येतं पण तिच्याकडे प्रमाणपत्र नाही, तसं या लोकांचं होतं. ते आता मिळतंय, हे मला फार चांगलं वाटतं.

सिंह सापडला. झाडाखाली दोन आडवे पडलेत, तिसरा जांभई देतोय. आता पुढचं कोडं. हे कोण? सगळे सिंह सारखेच दिसतात, असं तुम्हाला वाटेल. जुळी मुलं आईला कधी सारखी दिसतात का? ओळखायच्या खुणा असतात. कानाला पडलेली खाच. नाकाचा रंग, तो लहानपणी गुलाबी असतो आणि वय वाढेल तसा काळा होत जातो. तुटलेला सुळा. एका कळपात तर बिनशेपटीची सिंहीण होती, तरसांनी तिची शेपटी तोडली होती. तिला ओळखायला दुर्बीणही लागायची नाही.

पण सगळ्यात पक्की खूण मिशांची. सिंहाच्या गालावर मिशा ओळीनं उगवतात आणि प्रत्येक मिशीच्या बुडाशी काळा ठिपका असतो. सगळ्यात वरच्या अपुऱ्या ओळीतले ठिपके कुठे आहेत, हे प्रत्येक सिंहाचं वेगळं आणि जन्मभर तेच राहतं. आपल्या अंगठ्याच्या ठशासारखं. केनियातल्या नैरोबी उद्यानात पेनिक्विक आणि रुड्नाय या अभ्यासकांनी १९७० साली ही पद्धत मांडली. आजही सिंहांच्या वहीत प्रत्येकाच्या डाव्या आणि उजव्या गालाचं चित्र असतं.

आणि नावं? ती मात्र कुणी कशीही ठेवतं. साबी सँडमध्ये बरेच कँप आहेत आणि एकाच सिंहाला एका कँपमध्ये एक नाव, शेजारच्या कँपमध्ये दुसरं! आपल्याकडे नाही का, घरी बंड्या आणि शाळेत विश्वनाथ. म्हणून वही महत्त्वाची. नाव बदलतं, मिशांचे ठिपके बदलत नाहीत.

आता थोडं सिंहांच्या घरात डोकावू. वाघ एकटा राहतो, हे तुम्हाला माहीत आहे. सिंहांचा मात्र कळप असतो आणि कळप म्हणजे मुळात बायकांचं घर. आजी, आई, मावश्या, मुली, सगळ्या एकमेकींच्या नात्यातल्या. मुली बहुधा तिथेच राहतात. मुलगे दोन ते चार वर्षांचे झाले, की त्यांना घर सोडावं लागतं. बाहेर पडल्यावर एकट्याचं खरं नसतं, म्हणून भाऊ, चुलतभाऊ मिळून राहतात. त्याला आपण युती म्हणू. युती म्हटल्यावर बाबांना पेपरातलं राजकारण आठवेल, आठवू द्या, फार फरक नाही.

अमेरिकी शास्त्रज्ञ क्रेग पॅकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टांझानियातल्या सेरेंगेटीत अनेक वर्षं हेच तपासलं. रक्ताच्या नमुन्यांवरून, डीएनएवरून, १९९१ साली त्यांनी दाखवलं, की दोघा-तिघांच्या युतीत परका चालतो, पण चार किंवा जास्त नरांची मोठी युती असली की ते सगळे नातेवाईक निघतात. मोठ्या युतीत काहींच्या वाट्याला पिल्लं येतच नाहीत. भावाची पिल्लं म्हणजे निदान आपलीच थोडी, परक्यासाठी कोण एवढं झिजणार?

आपल्या गीरमधले सिंहही अशा युत्या करतात, पण तिथे नर आणि माद्या बहुतेक वेळ वेगवेगळे हिंडतात. तिथल्या युतीत वाटणीही सरळ नसते, एक दादा असतो आणि मोठा घास त्याचा. २०२५ च्या गणनेत गुजरातेत ८९१ सिंह मोजले गेले. त्यांची गोष्ट पुन्हा कधीतरी स्वतंत्र सांगेन.

सिंहांना मोजता येतं, हे माहीत आहे का? सेरेंगेटीतच कॅरन मॅकोम यांनी एक झकास प्रयोग केला. अनोळखी सिंहिणींच्या गर्जना टेप करून लाउडस्पीकरवर ऐकवल्या. एकटीची गर्जना ऐकली, की कळप तिच्यावर चालून जाई. तिघींची ऐकली, की पावलं अडखळत, त्या आधी आपल्या लांब गेलेल्या मैत्रिणींना हाका मारत आणि जमलेल्या पुरेशा वाटल्या तरच पुढे होत. १९९४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. सिंहाची गर्जना आठ किलोमीटरवर ऐकू जाते, म्हणजे रात्रभर सगळं जंगल बेरीज-वजाबाकी करत असतं. आपण किती, ते किती?

हे आकडे लक्षात ठेवा आणि आता मापोगोंची गोष्ट ऐका.

साबी सँडच्या पूर्व भागात, मलामलाच्या परिसरात एका कळपात पाच नर छावे वाढत होते. त्यांच्यात एक बाहेरचा, त्यांच्याहून मोठा पोरगा येऊन मिसळला. तिथले गाइड सांगतात, की तो क्रूगरच्या बाजूनं आला. खरं तर कळपानं त्याला हाकलायला हवं होतं. का कुणास ठाऊक, ठेवून घेतला. त्याचं नाव पडलं मखुलू, म्हणजे मोठा. मघाशी सांगितलं ना, मोठ्या युतीत सगळे नातेवाईक असतात. मखुलू हा या नियमाला अपवाद होता. जंगलाला आपली पुस्तकं वाचायची सवय नाही!

बाकीच्या पाचांची नावं रास्ता, ड्रेडलॉक्स, प्रिटी बॉय, किंकी टेल आणि मिस्टर टी. शेपटीच्या टोकाला बाक होता म्हणून किंकी टेल. आयाळ मधोमध उभ्या तुऱ्यासारखी होती म्हणून मिस्टर टी, त्या नावाच्या एका अमेरिकी नटाचे केस तसे होते. सहाजण मोठे झाले, त्यांना घराबाहेर पडावं लागलं आणि काही काळ ते भटके म्हणून हिंडले. उपाशी राहिले, मार खाल्ला, पण एकत्र राहिले. म्हैस, जिराफ असं दांडगं जनावरही सहाजण मिळून पाडू लागले. २००६ च्या सुमारास त्यांनी साबी सँडमध्ये राज्य घ्यायला सुरुवात केली. त्यांना मापोगो हे नाव पडलं ते त्या भागातल्या एका कडक पहारेकरी संघटनेवरून, जिच्या माराला गुन्हेगार टरकून असत. नाव अगदी शोभलं. एका युतीत दोन-तीन नर असले तरी ती बरी समजतात. हे सहा! समोर टिकणार कोण?

ट्रॅकरांच्या सकाळी बदलल्या. रस्त्यावर सहा जोड्या ठसे शेजारी शेजारी, एवढी रुंद पायवाट. जुन्या नरांचे ठसे दिसेनासे झाले. मग एकेका कळपातल्या पिल्लांचे छोटे ठसेही दिसेनासे झाले. मापोगोंनी शंभराहून जास्त सिंह मारले, असं सांगतात. एवढे कुणी मोजत बसलं नव्हतं, आकडे गोष्टीबरोबर फुगतात. पण त्यांनी पुष्कळ मारले, मोठे आणि छोटे, यात वाद नाही.

का मारतात? आमच्या आठवीतल्या मित्राचा प्रश्न इथे येतो. नर सिंहाचं राज्य साधारण दोन-तीन वर्षं टिकतं. छावे मोठे व्हायला दोन वर्षं लागतात आणि तोवर त्यांच्या आईला पुन्हा पिल्लं होत नाहीत. नव्या नरानं थांबायचं ठरवलं, तर दुसऱ्याची पिल्लं मोठी होईपर्यंत त्याचंच राज्य जायचं. छावे गेले, की सिंहिणीला लवकरच पुन्हा पिल्लं होऊ शकतात आणि ती त्याची असतात. गणित असं आहे. गणित कळलं म्हणून ते आवडलंच पाहिजे असं नाही.

आणि आया गप्प बसत नाहीत. सिंहिणी एकत्र येऊन नरांवर तुटून पडतात, जखमी होतात. काही जणी जरा मोठे झालेले छावे घेऊन कळप सोडतात, महिनोन्महिने गुपचूप आडवाटांनी हिंडतात. सिंहिणी आपली पिल्लं एकत्र वाढवतात त्याचंही मोठं कारण हेच, की एकटीपेक्षा दोघी-तिघींना पिल्लं जास्त राखता येतात. ट्रॅकरला अशा वेळी मोठ्या ठशांमागून लहान ठसे दिसले, की तो दिवस चांगला जातो.

मापोगोंकडे परत येऊ. मराठीच्या बाई म्हणतील, लिहा निबंध, 'एकीचे बळ'. लिहा, पण पुढचं ऐकून मग. राज्य एवढं मोठं झालं, की सहाजण एकत्र राहीनात. मिस्टर टी आणि किंकी टेल वेगळे झाले, पूर्वेकडे गेले. चौघे पश्चिमेला राहिले. सहाचे झाले चार आणि दोन.

२०१० साल. पाच तरुण नर उत्तरेच्या मान्येलेटी अभयारण्याच्या बाजूनं खाली उतरले. एका कँपनं त्यांना मान्येलेटी नर म्हटलं, दुसऱ्यानं माजिंगिलाने, तेच नाव पुढे गाजलं. हे पाचही घरातून बाहेर पडलेले, चार वर्षांपूर्वी मापोगो होते तसेच. ८ जून २०१० या दिवशी त्यांची आणि मिस्टर टी-किंकी टेलची गाठ पडली.

आधी या दोघांनी पाचातल्या एकाला गाठून जबर जखमी केलं, तो मेला. सवयच होती त्यांना, समोरचा पळतो ही. पण या वेळी बाकीचे चार पळाले नाहीत. चौघे परत आले. मिस्टर टी निसटला. किंकी टेल निसटला नाही. आता पुन्हा लाउडस्पीकरचा प्रयोग आठवा. सहा मापोगो एकत्र असते, तर पाचजण बहुधा तिथवर आलेच नसते. रात्रीच्या गर्जना मोजूनच दुसरीकडे वळले असते.

मिस्टर टी पश्चिमेला भावांकडे परत गेला. भावांनी त्याला घेतलं. आणि त्यानं काय केलं? भावांचीच पिल्लं मारली. नोंद आहे तशी. म्हणून म्हटलं, निबंध जरा जपून लिहा.

पुढे ते एक-एक करून कमी झाले. २०१२ च्या मार्चमध्ये सेलाटी नावाच्या चार तरुण नरांनी मिस्टर टीला गाठलं आणि मारलं. तेव्हा मखुलू आणि प्रिटी बॉय एवढेच उरले होते. तेही साबी सँड सोडून क्रूगरच्या दिशेनं निघून गेले. सहा वर्षांचं राज्य संपलं. नर सिंहांच्या मानानं सहा वर्षं म्हणजे फारच लांबलचक. २०१५ साली या भावांवर एक माहितीपटही निघाला.

आता मित्रा, तुझं उत्तर. समज, तू त्या पुढच्या खुर्चीत बसलायस. एका झुडपात चार छावे आहेत. त्यांचा पहिला ठसा तूच वहीत काढला होतास. समोरून पाच नवे नर येताहेत. तू हॉर्न वाजवलास, गाडी आडवी घातलीस, त्यांना हाकललंस. ते कुठे जातील? दुसऱ्या कुठल्या तरी झुडपाकडे. किंवा कुठेच नाही, उपाशी मरतील. ते कोण आहेत? तीन-चार वर्षांपूर्वीचे छावेच. त्यांचेही पहिले ठसे कुणीतरी अशाच वहीत काढलेले असतात. आणि जुनेच नर कायम राहिले, तर काही वर्षांनी त्यांच्याच मुली मोठ्या होतील, मग त्या कळपात नवं रक्त येणार कुठून?

म्हणून तिथला रिवाज असा, की सिंहानं सिंहाला केलेल्या जखमेत माणसानं पडायचं नाही. पण एखाद्या सिंहिणीच्या गळ्यात शिकारचोरांनी लावलेला तारेचा फास दिसला, तर वायरलेसवर लगेच निरोप जातो, पशुवैद्य येतो, तिला गुंगीचं इंजेक्शन देऊन फास कापतो. ती जखम जंगलाची नाही, आपली आहे.

त्यांना काही वाटत नाही का? वाटतं. वहीत ज्या पानावर छाव्याच्या मिशांचे ठिपके काढले होते, त्याच पानावर एक तारीख घालावी लागते. मग दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा त्या थंडीत खुर्चीवर बसायचं आणि रस्त्याकडे पाहायचं. तुझ्याकडे याहून वेगळा उपाय असला, तर जरूर लिही. मी छापेन. आणि आई-बाबांनाही विचार, त्यांच्यात एकमत होतंय का ते.

राहिला मखुलू, बाहेरून आलेला सहावा. वयानं सगळ्यांत मोठा आणि शेवटपर्यंत टिकलेल्यांपैकी एक. २०१३ च्या सुरुवातीपर्यंत तो क्रूगरमध्ये दिसल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा तो जवळजवळ पंधरा वर्षांचा असावा, रानातल्या नर सिंहाला एवढं वय क्वचितच मिळतं. त्यानंतर त्याचा ठसा कुणाला सापडला नाही.

रांगोळीतल्या मांजराचं चित्र काढून पाठवायला विसरू नका. शेजारी कुत्र्याचा ठसा हवाच, आणि दोन्हींच्या खाली सेंटिमीटरमध्ये माप लिहा.